मिळकत आटल्यावर मोटार घ्यावी काय?

वाचकहो, काही प्रश्न असे असतात की विचारणाऱ्यास स्वतःलाच त्यांची लाज वाटते, आणि म्हणून ते सर्व गोष्टी बोलून झाल्यावर, वहाणा पायात घालताना विचारिले जातात. आमच्या परिचयाचा एक मनुष्य गतवर्षी बाजरीच्या काढणीच्या दिवसांत मजकडे आला. पाऊस, मुलाची शाळा, आईची गुडघेदुखी अशा पुष्कळ गोष्टी झाल्या. निघताना ओसरीच्या पायरीवर उभा राहून तो म्हणाला, "पाळकसाहेब, एक विचारायचं राहिलं. मोटार घ्यावी का नको?"

त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. वय चाळिशीच्या आत. गाव अहिल्यानगर जिल्ह्यात, ज्यास आपण सवयीने अजून नगरच म्हणतो. मोटारींच्या ब्रेकांचे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यात तो ठेकेदाराच्या हाताखाली अकरा वर्षे कामास होता. जादा पाळ्या धरून महिन्याकाठी २९,००० रुपये हाती येत. पोस्टातील आवर्ती ठेवीत तो दरमहा ३,४०० रुपये टाकीत असे, आणि पाच वर्षांनी ती ठेव पिकून सुमारे २,४०,००० रुपये झाले. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस त्याने एका पांढऱ्या मोटारीचे चित्र चिकटविले होते. बायको साड्या काढावयास दार उघडी, तेव्हा प्रत्येक वेळी ती मोटार दिसे. ठेव पिकण्यास चार महिने राहिले असता ठेकेदाराचा करार संपला व पुन्हा झाला नाही. शेवटचे चार हप्ते त्याने कसे भरले ते त्यासच ठाऊक. आता तो एका लहान वर्कशॉपात लेथवर काम करतो. वेतन १७,००० रुपये, जादा पाळी नाही. कुटुंब शिवणकाम करते, त्याचे सरासरी ४,००० धरावे. सारांश, ज्या महिन्यात पैसा हाती आला त्या महिन्यात तो मोटारीस लावावा अशी स्थिती उरली नव्हती.

मी त्यास तत्काळ उत्तर दिले की, घेऊ नका. तो "बरं" म्हणाला व गेला. ते उत्तर खोटे होते असे मी आजही म्हणत नाही. परंतु ते देण्यास मला एक क्षणही लागला नाही, ही गोष्ट मागाहून मला डाचू लागली. ज्यास फारसे काही मिळालेच नाही त्यास "मोह आवर" असे सांगणे फार सोपे असते, आणि सांगणारा बहुधा जेवून उठलेला असतो. माझ्या स्वतःच्या दारात फटफटी उभी आहे. ती घेताना मी कोणाच्या ओसरीवर सल्ला मागावयास गेलो नव्हतो.

अशा प्रश्नास जगात दोन तयार उत्तरे मिळतात. एक माझ्यासारख्यांचे, की अंथरूण पाहून पाय पसरावे. दुसरे हल्लीच्या जाहिरातींचे, की आयुष्य एकदाच मिळते, हप्ता काय कसाही फिटतो. दोन्ही उत्तरे देणाऱ्यास समोरचा मनुष्य ओळखण्याची गरज पडत नाही, हा त्यांचा समान दोष होय.

आठ दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. ह्या खेपेस मी उत्तर न देता विचारिले, की मोटारच का? तेव्हा त्याने बापाची गोष्ट सांगितली. बाप सत्तावीस वर्षे दुसऱ्याची जीप चालवीत असे. पहाटे ती धुवावयाची, रात्री मालक सभेस किंवा लग्नास गेला म्हणजे तिच्यातच अंग दुमडून निजावयाचे. त्या जीपमध्ये त्याची बायकापोरे एकदाही बसली नाहीत. मालकाने मनाई केली होती असे नव्हे. परंतु असले काही विचारण्याची रीतच नव्हती. मुलगा डबा घेऊन जाई तेव्हा बापाने एकदा त्यास हॉर्न वाजवू दिला, आणि लगेच इकडे तिकडे पाहिले. हे सांगताना चाळिशीस आलेला तो मनुष्य हसत होता, पण त्याचे हसणे मला फार वेळ पाहवले नाही.

वाहन ही केवळ सुखाची वस्तु आहे असे मानणाऱ्यांनी आपल्या प्रांतातील दोन हकीकती आठवाव्या. दोन्ही डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या आयुष्यातील असून त्यांनी त्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या आठवणींत स्वतः लिहून ठेविल्या आहेत. पहिली सन १९०१ ची. नऊदहा वर्षांचे भीमराव, त्यांचे बंधु आणि बहिणीची मुले सातारा जिल्ह्यातील मसूर स्टेशनावर उतरली. वडील नोकरीनिमित्त जेथे होते तेथे त्यांस जावयाचे होते. मुले चांगल्या कपड्यांत होती, जवळ भाड्याचे पैसे होते. परंतु त्यांची जात कळताच एकही गाडीवान त्यांस बसवून नेईना. अखेर एकजण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तोही अशा अटीवर की बैल मुलांनीच हाकावे आणि आपण बाजूने पायी चालू. पैसा असूनही चाक मिळत नाही, असा तो काळ होता. त्या काळची नातवंडे-पतवंडे आज आपल्या मंडळ्यांत बसलेली आहेत. अशा घरातील कोणी दारात मोटार उभी करावी असे मनात आणिले, तर त्यास नुसता डौल म्हणून मोकळे होणे हा अन्याय आहे.

दुसरी हकीकत सन १९२९ ची, चाळीसगावची. सरकारने नेमलेल्या एका समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब त्या भागात फिरत होते. महारवाड्यातील लोकांनी त्यांस आग्रहाने उतरवून घेतले. आता पाहुण्यास स्टेशनापासून न्यावयाचे कसे? एकही टांगेवाला त्यांस बसवून टांगा हाकावयास तयार होईना. टांगा भाड्याने देऊ, पण आम्ही हाकणार नाही, असे ते म्हणू लागले. एवढ्या मोठ्या पाहुण्यास पायी चालविणे यजमानांस कमीपणाचे वाटले. तेव्हा ज्यास टांगा हाकण्याचा सराव नव्हता असा आपल्यातलाच एकजण त्यांनी पुढे बसविला. वाटेत नदी ओलांडताना टांगा उलटला, घोडा व टांगा खाली गेले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले व त्यांचा पाय मोडला. ही हकीकत लिहिताना त्यांनी यजमानांच्या प्रेमाविषयी शंका घेतली नाही. तथापि प्रवाशाच्या मानापेक्षा त्याच्या जिवाची सुरक्षितता मोठी, हे ते लोक विसरले, असा अभिप्राय त्यांनी स्पष्ट नमूद केला आहे.

ह्या दुसऱ्या हकीकतीवर मी पुष्कळ विचार केला. टांग्यात बसण्याचा मान खरा होता, तो नाकारणाऱ्यांचा दुष्टपणाही खरा होता, आणि तरीही त्या दिवशी त्या टांग्यात बसणे बरोबर नव्हते. हे सर्व एकाच वेळी खरे असू शकते. मोटारीची इच्छा योग्य आहे, एवढ्याने ती आज घेणे योग्य ठरत नाही. आणि आज घेणे योग्य नाही, एवढ्याने ती इच्छा क्षुद्र ठरत नाही. आपण उपदेश करणारे बहुधा ह्या दोन गोष्टींची गाठ मारून टाकतो, आणि समोरच्या मनुष्यास वाटते की त्याने मागितले म्हणूनच तो लहान ठरला. माझ्या "घेऊ नका" ने तेच केले असावे.

मग मी त्यास विचारिले, की काम गेल्यानंतर तुमची इच्छा कमी झाली की वाढली? तो थोडा वेळ गप्प राहिला व म्हणाला, "वाढली. आधी वाटायचं, होईल कधीतरी. आता वाटतं, ह्याच महिन्यात पाहिजे." कारण विचारता तो म्हणाला, "सगळ्यांना माहीत होतं मी गाडी घेणार म्हणून. आता लोक म्हणतील, काम गेलं आन् गाडीबी गेली."

माझ्या मते सगळा प्रश्न ह्या एका वाक्यात आहे. चित्र तेच, रंग तोच, किंमत तीच; परंतु ही ती पूर्वीची इच्छा नव्हे. पूर्वी त्यास आईस पुढच्या आसनावर बसवून न्यावयाचे होते. आता त्यास गावाचे तोंड बंद करावयाचे होते. मिळकत गेली म्हणजे इच्छा मरत नाही. पुष्कळदा ती अधिक जोर धरते, कारण तिच्यावर एक नवेच काम येऊन पडते. जे गेले ते गेलेच नाही असे लोकांस, आणि त्याहून अधिक स्वतःस, दाखविण्याचे ते काम होय. हे काम मोटारीच्याने होत नाही. तिला पाहून शेजारी चार दिवस गप्प राहतील. पण महिन्याच्या पाच तारखेस हप्ता मागावयास जो येईल त्यास सर्व खरे ठाऊक असेल.

मोटार मनुष्य नुसत्या चार चाकांसाठी घेत नाही, ह्याचा दाखला आपल्या देशाने नुकताच पाहिला आहे. पावसात एका स्कूटरवर आईबाप व मुले दाटीवाटीने चाललेली पाहून रतन टाटा ह्यांच्या मनात स्वस्त मोटारीची कल्पना आली, आणि सन २००८ च्या जानेवारीत दिल्लीस 'नॅनो' लोकांपुढे मांडण्यात आली. मूळ किंमत एक लाख रुपये ठरविली होती. हिशेबाने पाहता प्रत्येक स्कूटरवाल्याने ती घ्यावयास हवी होती. परंतु ती 'सर्वांत स्वस्त मोटार' म्हणून ओळखली गेली, आणि सर्वांत स्वस्त वस्तु दारात लावावी असे फारच थोड्यांस वाटले. तशी जाहिरात होणे ही चूक झाली, असे टाटांनी स्वतः पुढे बोलून दाखविले. दहा वर्षांनी, सन २०१८ मध्ये, तिचे उत्पादन जवळजवळ थांबले.

आणि हा स्वभाव एकट्या आपल्या लोकांचा आहे असेही नाही. अमेरिकेत इंडियाना संस्थानात मन्सी नावाचे एक मध्यम शहर आहे. रॉबर्ट व हेलन लिंड ह्या दांपत्याने तेथे राहून लोकांच्या राहणीचा अभ्यास केला व त्यावर सन १९२९ आणि सन १९३७ मध्ये दोन ग्रंथ प्रसिद्ध केले. दोहोंच्या दरम्यान मोठी मंदी येऊन गेली. कारखाने ओस पडले, तेव्हा नव्या मोटारी विकत घेणे अतिशय घटले; पण ज्यांच्याजवळ मोटार होती ते ती सोडीनात. इतर पुष्कळ गोष्टींवाचून त्यांनी चालविले, मोटारीवाचून नाही. मी त्यांस हसत नाही. असलेली जुनी मोटार काम शोधावयास घेऊन जाते. ती विकून हाती किती येणार? परंतु असलेली वस्तु धरून ठेवणे आणि नसलेली वस्तु कर्जाने आणणे ह्यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर मन्सीच्या लोकांस संकटाच्या दिवसांत कळत होते असे दिसते.

आता हिशेब. तो आम्ही मुलाच्या वहीच्या मागल्या पानावर मांडिला. दुसऱ्या बाजूस बाई मशीन चालवीत होत्या. मोटारीची दुकानातील किंमत ५,६०,००० रुपये. आपल्या राज्यात पेट्रोलच्या मोटारीवरील एकरकमी वाहनकर किमतीच्या दहाव्या हिश्शाहून अधिक आहे. शिवाय नोंदणी, आणि सन २०१८ पासून नव्या मोटारीस तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा एकदम तीन वर्षांचा उतरवावा लागतो. असे सर्व धरून रक्कम ६,६०,००० च्या घरात जाते. ठेवीचे २,४०,००० भरले तर ४,२०,००० कर्ज काढावे लागेल. व्याज शेकडा १० धरले व मुदत पाच वर्षे घेतली तर हप्ता सुमारे ८,९०० रुपये. दुकानातील मनुष्याने त्यास सात वर्षांची मुदत सुचविली होती, "म्हणजे हप्ता सात हजारांच्या आत बसतो." बसतो हे खरे, ६,९७० होतो. परंतु पाच वर्षांत व्याजापोटी सुमारे १,१५,००० जातात ते सात वर्षांत सुमारे १,६५,००० जातात, हे सांगण्याचे काम दुकानातील मनुष्याचे नसते. विमा व दुरुस्ती ह्यांस महिन्याकाठी निदान १,६०० बाजूस ठेवावे लागतील. पेट्रोल वेगळे.

घराचा खर्च १७,००० आहे. मिळकत २१,०००. उरतात ४,०००. म्हणजे हप्ता उरलेल्यातून जाणार नाही, तो खाण्यातून, औषधातून किंवा मुलाच्या फीतून जाईल. मी हे दाखविले तेव्हा तो म्हणाला, "दिवाळीनंतर काम वाढणार आहे." वाढेलही. पण ज्या कामाचा भरवसा नाही त्या कामाची कमाई त्याने आजच सात वर्षांकरिता खर्ची घातली होती.

आईच्या गुडघ्यांचे कारण त्याने पहिल्या दिवसापासून पुढे केले होते, म्हणून तेही मांडून पाहिले. दोन महिन्यांनी एकदा नगरास दवाखान्यात न्यावे लागते, भाड्याच्या गाडीस २,००० पडतात, वर्षाचे १२,०००. लग्नेकार्ये, सण, मुलाची परीक्षा ह्यांकरिता आणखी तेवढेच धरा. एकूण २४,०००. मोटारीस पेट्रोलाखेरीज वर्षाला लाखाच्या वर लागणार होते. त्याने दोन्ही आकड्यांखाली रेघ ओढली, पेन्सिल खाली ठेविली आणि म्हणाला, "म्हणजे आईचं नाव मी उगीच घेत होतो." उगीच नव्हे, असे मी म्हणालो. आईस न्यावे हे खरेच त्याच्या मनात होते. पण एका खऱ्या कारणाच्या पदराआड दुसरी दोन कारणे उभी राहू शकतात.

ज्यांनी सन २०२० पाहिले त्यांस मिळकत थांबली तरी कर्ज थांबत नाही हे वेगळे सांगावयास नको. त्या वर्षी २५ मार्चपासून सर्व देश बंद झाला. रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली, प्रथम मे अखेरपर्यंत व नंतर ३१ ऑगस्टपर्यंत. पुष्कळांस वाटले हप्ता माफ झाला. तो माफ नव्हता. व्याज त्या सहा महिन्यांत चालूच होते. ज्यांनी सवलत घेतली त्यांपैकी कित्येकांस पुढे मुदत वाढलेली पाहून धक्का बसला. सरकारने त्या वर्षीच्या ऑक्टोबरात व्याजावरचे व्याज सोडले, मूळ व्याज सोडले नाही.

कर्जाच्या मोटारीविषयी आणखी एक गोष्ट आपण खेड्यांतील लोकांस लवकर समजेल. सातबाऱ्यावर जसा बोजा चढतो तसा तिच्या नोंदणीवरही बँकेचा बोजा चढतो, आणि शेवटचा हप्ता फिटेपर्यंत उतरत नाही. जमीन निदान झिजत नाही. मोटार दुकानाबाहेर पडताच जुनी होते, आणि बोजा मात्र सावकाश कमी होतो. शिवाय त्यास जामीन लागणार होता. चुलतभाऊ तयार होता. त्या चुलतभावाने मोटारीचे चित्र कपाटात चिकटविले नव्हते. एकाच्या इच्छेचे ओझे ज्याची ती इच्छा नाही त्याच्या खांद्यावर जाते, तेथे हा प्रश्न खाजगी राहत नाही.

बुरूज बांधावयास निघालेल्या मनुष्याचा शुभवर्तमानातील दृष्टांत वाचकांस ठाऊक आहे. खर्चाचा अंदाज आधी करावा, एवढाच बोध आपण त्यातून बहुधा घेतो. त्या मनुष्यासमोर हिशेब करताना त्यातील दुसरा भाग मला प्रथम दिसला. लोक हसतात ते बुरूज न बांधणाऱ्यास नव्हे. पाया घालून काम अर्धवट सोडणाऱ्यास हसतात. आमच्या मनुष्यास भय होते ते न घेतल्यास होणाऱ्या हसण्याचे. दारात आलेली मोटार बँकेची माणसे घेऊन जातात तेव्हा गाव कसे पाहते, हे त्याने शेजारच्या वाडीत पाहिले होते. पण त्या वेळी तो पाहणाऱ्यांत होता.

एवढे सर्व होईपर्यंत मशीन चालूच होते. मी म्हणालो, बाईंस काय वाटते? तो म्हणाला, "तिला आवडंल." मशीन थांबले. बाई म्हणाल्या, "गाडी मलाबी पाहिजे. मी नको म्हणत नाही. पण ह्या मशीनचा हप्ता चालू होता ते वर्ष मी रात्रीची नीट झोपले नाही, आन् तो हप्ता नऊशेचा होता." पाच वर्षे ठेव भरली जात असता हा प्रश्न त्यांस कोणी विचारिला नव्हता, त्याने नाही, आणि पहिल्या दिवशी मीही नाही.

खाटेवरून म्हातारी ऐकत होती. तिने मधेच मला विचारिले, "ह्याला कोणी सांगितलं ह्याच्या बापाला गाडी पाहिजे होती म्हणून? त्याला गाडीचा कंटाळा होता. त्याला घरी येऊन पडायला पाहिजे होतं." ह्यावर कोणीच काही बोलले नाही. मुलगा ज्या स्वप्नाचा वारसा इतकी वर्षे जपत होता ते स्वप्न बापाचे नसावेही. तरी मला वाटते, बापाने ज्याची इच्छा केली नाही अशी वस्तु त्याच्या अपमानामुळे मुलाने इच्छिली, ह्यात खोटे काही नाही. अपमान दोघांनी मिळून सोसला होता. फक्त औषध प्रत्येकाने आपापले शोधिले.

आता त्याचा आक्षेप सांगतो, कारण तो मला खोडता आला नाही. तो म्हणाला, "साहेब, गरिबानं सुरक्षित होईपर्यंत थांबायचं म्हटलं तर तो कधीच काही घेणार नाही. अकरा वर्षं काम केलं तरी काम गेलंच. पुढच्या वर्षी हे पैसे तरी असतील का? दवाखान्यात जातील." हे खरे आहे. गरिबाची शिल्लक वाट पाहत बसत नाही. तिला पाय फुटतात. "थांबा" म्हणणे त्यास फुकट पडत नाही. मी एवढेच म्हणालो, की हे पैसे दवाखान्यात गेले तर ते वाया गेले असे तुम्ही म्हणाल काय? आजच्या घरखर्चाने हे २,४०,००० म्हणजे चौदा महिने आहेत. ह्या चौदा महिन्यांत वाईट वेतनास "नाही" म्हणण्याची, बरे काम शोधण्याची मोकळीक तुम्हांस आहे. मोटार घेतली की ती मोकळीक त्याच दिवशी जाईल. मग वर्कशॉपचा मालक जे देईल ते घ्यावे लागेल, कारण हप्ता थांबत नाही. तुमच्या बापाने ज्या मालकापुढे तोंड उघडले नाही, त्याच्या जागी दुसरा मालक उभा राहील.

जुनी मोटार घ्यावी काय, असेही त्याने विचारिले. कर्ज न काढता शिल्लकेतून जुनी घेणे हे सात वर्षांच्या हप्त्यांहून पुष्कळ सरळ, असे माझे मत पडले. परंतु सगळी शिल्लक तीत घालून पहिल्याच दुरुस्तीस उसनवारी करणे म्हणजे कर्ज वेशीतून न आणिता परसदारी आणणे होय. शिल्लकेचा तिसरा हिस्सा त्यास लागेल अशी मिळेल तेव्हा पाहावी, असे ठरले. ८०,००० रुपयांत जी मोटार मिळते ती पाहून तो आणि मी दोघेही हसलो.

पुढील महिन्यात त्याने ती रक्कम पोस्टातच एक वर्षाच्या मुदत ठेवीत ठेविली. वर्कशॉपातील काम दिवाळीनंतर थोडे वाढले, पण त्याने म्हटले तितके नाही. कपाटातील चित्र काढिले काय, असे मी एकदा विचारिले, बाई म्हणाल्या, "नाही काढलं. मीच म्हटलं राहू द्या." मध्यंतरी कळले की त्यास मोटार चालविताच येत नव्हती, इतक्या वर्षांत हे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. आता दर रविवारी उपासनेनंतर तो नगरास मोटार शिकावयास जातो. शिकाऊ परवाना मिळाला आहे. मागच्या खेपेस आईस दवाखान्यात नेताना भाड्याच्या गाडीत त्याने तिला पुढच्या आसनावर बसविले, आणि स्वतः मागे बसून चालकाचा पाय क्लचवर केव्हा पडतो ते वाकून पाहत राहिला. म्हातारीने त्यास दोनदा सांगितले की नीट बस, मान अवघडेल.